आठजणांचं टेबल, एकच बिल आणि यायचा बंद झालेला धाकटा

आमचा आठजणांचा ग्रुप आहे आणि गेली काही वर्षं महिन्यातून एकदा आम्ही कुठल्यातरी परवडणाऱ्या रेस्टॉरंटमध्ये नाहीतर पबमध्ये भेटतो. मोठ्या शहरात राहणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको, आठ माणसं ऐसपैस बसतील एवढं घर आमच्यात कुणाचंच नाही, प्रत्येकजण वेगळ्या टोकाला राहतो, कुणी दीड तास प्रवास करून येतो, त्यामुळे मधोमध कुठेतरी अशी एक जागा लागते जिथे कपडे बघून दारात अडवत नाहीत, दोन-अडीच तास बसलं तरी कुणी उठा म्हणत नाही आणि बिल बघून धस्स होत नाही. आमची बैठकीची खोली तीच. तर ह्या ग्रुपमधला सगळ्यात लहान मित्र सलग चार महिने आला नाही. भांडण नाही, अबोला नाही, मेसेजला उत्तर देतो, वाढदिवसाला आठवणीने फोन करतो, फक्त बसायचं ठरलं की "काम आहे रे, पुढच्या वेळी नक्की".

तो का येत नाही हे कळलं तेव्हा मी हादरलो, कारण त्याचं मूळ आमच्याच टेबलावर होतं आणि मला ते दिसलं नव्हतं. मग मी जुनी बिलं काढली, प्रत्येकाशी बोललो, थोडं वाचलं, आणि पुढच्या चार-पाच वेळा आम्ही काय काय करून बघितलं तेही टिपून ठेवलं. ते सगळं इथे मांडतोय. सगळ्यांना विचारून लिहितोय, धाकट्याने वाचून दोन ठिकाणी दुरुस्ती केली आहे.

नावं देत नाही. सगळ्यात लहान तो धाकटा. सगळ्यात मोठा तो दादा, आम्ही त्याला हाकही तशीच मारतो. ताई दारू पीत नाही, कधीच नाही. एकजण लांबून गाडी चालवत येतो म्हणून त्याला गाडीवाला म्हणू. दोघी मैत्रिणी आहेत, एकाच ऑफिसातल्या. एक दादाचा जुना रूममेट, त्याला सगळे पार्टनर म्हणतात. आणि मी, जो टेबल बुक करतो आणि शेवटी कार्ड पुढे करून बाकीच्यांकडून पैसे गोळा करतो.

ती संध्याकाळ

शुक्रवार होता, आठची वेळ, म्हणजे आठवड्यातली सगळ्यात वाईट वेळ. लांब टेबल, भिंतीला लागून, खाली फरशी, एका बाजूला काच, वर उघडं छत, आणि डोक्यावर स्पीकर. दादा मधे बसला आणि मेन्यू त्याच्या हातात गेला, तो नेहमीच जातो, त्याला काय मागवायचं ते कळतं आणि आम्हाला विचार करायचा कंटाळा असतो. "टेबलासाठी" म्हणून त्याने सहा स्टार्टर सांगितले. आम्ही चौघं-पाचजणांनी ड्रिंक सांगितलं. धाकटा म्हणाला, मी थोडं खाऊन आलोय, मला फक्त सूप. हे वाक्य मला आजही ऐकू येतं. दीड तास प्रवास करून मित्रांसोबत जेवायला येणारा माणूस खाऊन कशाला येईल? पण त्यावेळी माझ्या डोक्यातही आलं नाही.

त्याची नोकरी सात आठवड्यांपूर्वी गेली होती. त्याने हे फक्त ताईला सांगितलं होतं आणि कुणाला बोलू नकोस अशी शपथ घातली होती.

नऊच्या सुमाराला गाडीवाला पोचला, त्याने स्वतःचं मेन कोर्स मागवलं आणि पाण्यावर बसला. तोवर इकडे दुसरी फेरी झालेली, तिसरी येत होती, मधेच कुणीतरी अजून दोन प्लेट वाढवल्या, त्या कुणी सांगितल्या ते आजही नक्की होत नाही कारण टेबलाच्या ह्या टोकाचं त्या टोकाला ऐकूच येत नव्हतं. अकराला बिल आलं. मी कार्ड दिलं आणि म्हणालो, आठाने भागतो, चालेल ना? सगळे हो म्हणाले. धाकटाही हो म्हणाला आणि तिथल्या तिथे फोनवरून पैसे पाठवले. सगळ्यात आधी त्याचेच आले.

बिल उलगडल्यावर

बिलाचा फोटो माझ्याकडे होता. चार महिन्यांनी ताईसोबत बसून एकेक ओळ कुणाची ते लावलं. एकूण बिल, कर वगैरे सगळं धरून, १०० भाग मानलं. त्यात दारू ४३ भाग, ताईचं सॉफ्ट ड्रिंक १ आणि खाणं ५६. माणसागणिक लावलं तर असं निघालं: धाकटा ६, ताई ७, गाडीवाला ८, मी १२, दोघींपैकी एक १२ आणि दुसरी १४, पार्टनर १९, दादा २२. आणि प्रत्येकाने भरले साडेबारा.

म्हणजे धाकट्याने सहाचं खाल्लं आणि साडेबारा भरले, दुपटीहून जास्त. ताईने साडेपाच जास्तीचे भरले, गाडीवाल्याने साडेचार. मी आणि एक मैत्रीण जवळपास बरोबरीत. उरलेल्या तिघांना मिळून साडेसतरा भागांची सूट मिळाली आणि ती सूट मुख्यतः त्या तिघांच्या खिशातून गेली जे दारूला शिवलेही नव्हते. त्यातल्या एकाला पगार नव्हता.

मग आधीच्या तीन बिलांचे फोटो काढले. तिथे आठवणीवर जास्त विसंबावं लागलं, त्यामुळे आकडे देत नाही, पण क्रम तोच होता. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. समान भागणीच्या बाजूने नेहमी सांगतात की आज तुझं जास्त उद्या माझं, शेवटी सगळं जुळतं. ते खरं आहे, पण जास्त घेणारा माणूस दर वेळी बदलत असेल तरच. आमच्याकडे तेच तिघं वर आणि तेच तिघं खाली, महिन्यामागून महिने. असं असेल तर ते कधीच जुळत नाही, ते साचत जातं.

आणि त्याहून मला लागलेली गोष्ट म्हणजे आम्ही मुद्दाम स्वस्त जागा निवडत होतो. कुणालाही जड जाऊ नये म्हणून. अशा ठिकाणी खाणं स्वस्त ठेवलेलं असतं आणि धंद्याचा फायदा बराचसा ड्रिंकवर निघतो, हॉटेल चालवणाऱ्या कुणालाही विचारा. १९८२ साली कसवाना आणि स्मिथ ह्या दोन हॉटेल-अभ्यासकांनी मेन्यूतला प्रत्येक पदार्थ किती खपतो आणि त्यावर किती सुटतं असं दोन बाजूंनी मांडायची पद्धत काढली, आजही मेन्यू आखताना ती वापरतात. ह्याचा आपल्यासाठी अर्थ असा की स्वस्त जागा ही जेवणाऱ्यासाठी खरंच स्वस्त असते, पिणाऱ्यासाठी तितकी नसते. आठाने भागलं की पिणाऱ्याचा महाग भाग जेवणाऱ्याच्या ताटात जाऊन पडतो. धाकट्यासाठी ती जागा परवडणारी होती, आम्ही तिला न परवडणारी केली.

हे फक्त आमचंच नाही

वाचताना एक अभ्यास सापडला आणि तो आमच्या टेबलाशी इतका जुळला की मी दादाला पहिल्यांदा तोच पाठवला. अर्थशास्त्रज्ञ उरी ग्नीझी आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी इस्रायलमध्ये सहा-सहा अनोळखी लोकांना खऱ्या रेस्टॉरंटमध्ये जेवायला बसवलं. काही टेबलांना सांगितलं की आपापलं भरा, काहींना सांगितलं सहाने भागा, काहींचं सगळं फुकट. २००४ मध्ये तो निबंध छापून आला. सहाने भागणाऱ्या टेबलांवर माणशी खर्च आपापलं भरणाऱ्यांपेक्षा एक तृतीयांशाहून जास्त निघाला. फुकटवाल्यांनी तर आपापलं भरणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त मागवलं. आणि गंमत नाही, दुःखाची गोष्ट ही की लोकांना विचारलं तर बहुतेकांना आपापलं भरणंच आवडत होतं, पण एकदा भागणीच्या टेबलावर बसवलं की तेच लोक जास्त मागवत होते. हिशोब साधा आहे, मी एक जास्तीचं ड्रिंक घेतलं तर मला त्याचा सहावा हिस्साच पडतो, आणि मी नाही घेतलं तरी दुसऱ्याच्या ड्रिंकचा सहावा हिस्सा मला पडणारच आहे.

ते लोक अनोळखी होते, आम्ही मित्र आहोत, हा फरक आहेच. दादाने कधीही मनात हिशोब करून मागवलेलं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. पण परिणाम तोच होतो, नियत काहीही असो. शिवाय मित्रांमध्ये एक गोष्ट जास्तीची असते, ती म्हणजे बोलायची चोरी. अनोळखी माणूस सांगेल की मी फक्त सूप घेतलं. धाकटा नाही सांगू शकला.

मोठ्या ग्रुपमध्ये जेवण लांबतं आणि माणूस एकटा असतो त्यापेक्षा जास्त खातो, ह्यावर जॉन डी कॅस्ट्रो नावाच्या मानसशास्त्रज्ञाने बरीच वर्षं काम केलं, माणसं जितकी जास्त तितकं जेवण मोठं असं त्याला लोकांच्या खाण्याच्या नोंदींमधून दिसलं. आमच्या अकरा वाजायचं कारण तेच, टेबल सुटता सुटत नाही, आणि बसलोय तर अजून एक.

ड्रिंकच्या फेऱ्यांचंही असंच. एकाने सगळ्यांसाठी मागवायचं, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने, अशाने सगळ्यात भरभर पिणारा जो असतो त्याच्या वेगाने अख्खं टेबल पितं. शरीराला साधारण एका तासात एकच ठरावीक मापाचं (स्टँडर्ड) ड्रिंक पचवता येतं, फेरी मात्र वीस मिनिटांत फिरते. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, ब्रिटनमध्ये दुसऱ्याला दारू पाजण्यावर चक्क सरकारी बंदी आणली होती, कारखान्यातले कामगार फेऱ्यांमुळे जास्त पितात म्हणून. इतकी जुनी आणि इतकी साधी ही गोष्ट आहे, आणि आमच्या टेबलावर ती दर महिन्याला घडत होती, दुसऱ्या मैत्रिणीने मला नंतर सांगितलं की तिला एकच हवं असतं, दोन तिच्यापुढे येऊन पडतात आणि मग ती ठेवत नाही.

आवाजाचा भाग

हे थोडं वेगळं वाटेल पण मला हा भाग सोडायचा नाहीये, कारण त्या दिवशी गोष्टी बिघडल्या त्यात आवाजाचा मोठा हात होता.

आवाज वाढला की माणूस नकळत स्वतःचा आवाज चढवतो. एतिएन लोम्बार्ड ह्या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये हे मांडलं, म्हणून त्याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात. भरलेल्या पबमध्ये प्रत्येक टेबल हेच करतं, शेजारचं टेबल मोठ्याने बोलतं म्हणून आपण मोठ्याने, आपण मोठ्याने म्हणून ते अजून मोठ्याने. फरशी, काच, उघडं छत, ह्यातलं काहीच आवाज शोषत नाही. त्यात भर म्हणजे मुळात एका गप्पेत चारच्या आसपास माणसं मावतात, मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये लोकांच्या गप्पा ऐकून हे दाखवलं, पाचवा आला की गप्पा फुटून दोन गट होतात. आठ माणसं लांब टेबलावर म्हणजे दोन-तीन गट झालेच. धाकटा टोकाला होता. त्याच्याशी ताई बोलत होती आणि ते दोघं काय बोलत होते ते मला एक अक्षर ऐकू आलं नाही. आम्ही एकत्र बसलो होतो असं मी म्हणत होतो इतके महिने, पण खरं तर तो एका टेबलावर होता आणि मी दुसऱ्या.

ऑर्डरचंही तेच, ओरडून सांगितलेलं कुणीतरी अर्धवट ऐकून पुन्हा सांगतो, दोनदा येतं, परत कोण करणार, ठेवून घेतो. मेन्यू ज्याच्या हातात आणि आवाज ज्याचा मोठा, ऑर्डर त्याची. हळू बोलणाऱ्या माणसाला "मला वेगळं बिल द्या" हे वाक्य त्या गोंगाटात ओरडून सांगावं लागलं असतं, आठजणांसमोर. नोकरी गेलेल्या माणसाने ते करावं अशी अपेक्षा तरी कशी करायची.

आणि वेटरचा विचार करा एकदा. कामाच्या जागी आठ तासांसाठी ८५ डेसिबलच्या वर जाऊ नये असं कानाच्या तब्येतीसाठी सांगितलेलं असतं. आपण दोन तासांनी उठून जातो, ती पोरं रात्रभर त्यातच उभी असतात, आणि वर आपण म्हणतो की त्याने ऑर्डर चुकीची आणली.

चार महिने आणि एक फोन

पाचव्या महिन्यात मी त्याला ग्रुपवर न विचारता सरळ फोन केला.

"अरे येत का नाहीस?"

"काम असतं रे."

"शुक्रवारी रात्री नऊला कसलं काम?"

बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मला तुमच्यात बसायला लई आवडतं. पण बिल यायची वेळ झाली की पोटात गोळा येतो. तासभर आधीपासूनच येतो. मग तुम्ही काय बोलताय ते ऐकूच येत नाही, मी नुसत्या प्लेटा मोजत बसतो."

मी विचारलं मग सांगितलं का नाहीस. तो म्हणाला, "काय सांगू? मी कमी खाल्लं म्हणून मला कमी लावा? दादासमोर?"

दादासमोर, ह्या शब्दाला आमच्यात वजन आहे. धाकटा ह्या शहरात आला तेव्हा पहिले दोन महिने दादाकडेच राहिला होता. त्याच्या जेवणाचे पैसे दादाने कधी मोजले नाहीत. आता ह्याने हिशोब काढायचा, हे त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. इथे मला कळलं की हा प्रश्न पैशांच्या बरोबरीने उपकाराचा आहे, आणि म्हणूनच तो धाकट्याने सोडवावा असं कुणी म्हणू नये. ज्याच्या हातात कार्ड आहे, ज्याच्या हातात मेन्यू आहे, त्यांनीच सोडवायला हवा.

दादाला सांगायचं काम माझ्यावर आलं. मी वाईट पद्धतीने सांगितलं. आकडे पुढे केले, २२ आणि साडेबारा. त्याचा चेहरा पडला. म्हणाला, "म्हणजे एवढे दिवस मी तुमच्या जिवावर पीत होतो?" मी नाही नाही म्हणत राहिलो पण आकडे समोर होते. त्याने पुढचे तीन दिवस ग्रुपवर काही लिहिलं नाही. आज पुन्हा करायचं असतं तर मी आकडे दाखवलेच नसते, फक्त एवढंच म्हणालो असतो की दादा, धाकट्याला जड जातंय, आपण पद्धत बदलू. त्याला तेवढं पुरलं असतं. तो माणूस तसा आहे.

काय काय करून बघितलं

पहिला उपाय दादानेच काढला, धाकट्याचे पैसे मी भरतो, नोकरी लागेपर्यंत. मनापासून म्हणाला. धाकटा एकदा आला, पाणी प्यायला, काहीही मागवलं नाही आणि साडेनऊला उठला. दुसऱ्याच्या पैशाने बसलेला माणूस मोकळा बसत नाही, आणि आम्हीही त्याच्याकडे बघत होतो की हा खातोय का. तो उपाय एका महिन्यात संपला.

दुसरा मी काढला, प्रत्येक ओळ प्रत्येकाच्या नावावर. फोनवर यादी केली. कागदावर एकदम चोख, आणि टेबलावर भयंकर. स्टार्टर सहाजणांनी खाल्ला, त्यातल्या एकाने एकच घास घेतला, तर त्याला धरायचं का? गाडीवाला आला तेव्हा प्लेट अर्धी झाली होती. पाऊण तास आम्ही ह्यावर घालवला, मैत्रिणींपैकी एक चिडून म्हणाली की मी पुन्हा कुणाच्या प्लेटला हात लावणार नाही. आणि खरोखरच पुढे कुणी एकमेकांच्या ताटातलं खाईना. एकत्र जेवायला जायचं आणि एकमेकांचं खायचं नाही, मग घरी डबा काय वाईट. न्याय झाला पण जेवण गेलं. हाही सोडला.

तिसरा उपाय ताईने सुचवला आणि तो टिकला. खाणं सगळ्यांचं, समान भागायचं. पिणं ज्याचं त्याने, काउंटरवर जाऊन, तिथल्या तिथे पैसे देऊन. एवढंच. फेऱ्या बंद, ज्याला हवं तो उठतो आणि आणतो. आणि हे ऑर्डर द्यायच्या आधी मोठ्याने बोलायचं, दर वेळी, मी बोलायचं, कारण टेबल मी बुक करतो. दर वेळी बोललं म्हणजे ते कुणा एकासाठी आहे असं वाटत नाही, नियम होऊन जातो.

ह्याला पूरक अजून काही बारीक गोष्टी केल्या. शुक्रवार सोडून मंगळवार धरला, आठऐवजी सात. लांब टेबल नको सांगितलं, कोपऱ्यातली गाद्यांची जागा मागतो, दोन चौकोनी टेबलं जोडून. गाद्यांचं डोकं माझं नाही, हार्वर्डमध्ये वॉलेस सबाइन नावाच्या प्राध्यापकाने १८९० च्या दशकात नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री वर्गात आणून आवाज किती घटतो ते मोजलं होतं, ते वाचलं आणि म्हटलं आपणही गादीजवळ बसू. फरक पडतो, खरंच पडतो, बाजूचा माणूस तरी ऐकू येतो. आणि अर्ध्यात जागा बदलायच्या, टोकाला जो असेल त्याने मधे यायचं. मेन्यू दोन मागतो, एक दादाकडे, एक फिरता. स्टार्टर सहा न मागवता आधी तीन, लागलं तर पुन्हा.

त्या ठिकाणच्या एका वेटरला मी विचारलं की वेगळी बिलं मागितली की तुम्हाला त्रास होतो का. तो म्हणाला, आधी सांगा, मग काहीच नाही. केओटी, म्हणजे किचनकडे जाणारी ऑर्डरची चिठ्ठी, टेबलाच्या नावाने फुटते, सुरुवातीलाच सीट नंबर टाकला तर बिल वेगळं काढायला मिनिट लागतं. शेवटी सांगितलं तर एकेक आयटम परत बसून फोडावा लागतो, मागे दहा टेबलं थांबलेली असतात, मग तोंड वाकडं होतं. म्हणजे ज्या गोष्टीची आम्हाला लाज वाटत होती ती त्यांच्यासाठी रोजचीच होती, फक्त वेळेवर सांगायची.

काय निघालं

तिसरा उपाय सुरू केल्यावर पहिल्यांदा आठही जण आले त्या दिवशीचा हिशोब देतो, जागा तीच होती. आधीचं बिल १०० धरलं तर ह्या वेळी सगळं मिळून ८२ झालं. खाणं ४८, म्हणजे माणशी ६. बाकी पिणं. धाकट्याने ६ भरले, आधीच्या निम्म्याहून कमी, आणि ह्या वेळी तो सूप पिऊन बसला नव्हता, नीट जेवला. गाडीवाल्याने ६, ताईने ७. दादाने १७ भरले. म्हणजे आधीपेक्षा त्याच्या खिशातून जास्त गेले पण त्याने घेतलं मात्र पूर्वीपेक्षा कमी. पार्टनरचे १५ झाले. त्या दोघांवरच भार वाढला, बाकी सहाजणांचा कमी झाला.

एका संध्याकाळीवरून फार काही ठोकून सांगू नये हे मला कळतं. मंगळवार होता, टेबलावरून लवकर उठलो, त्यानेही फरक पडला असणार. पण पुढच्या तीन वेळांचा अंदाजही तसाच आहे, आणि धाकटा तिन्ही वेळा होता. मधल्या काळात त्याला काम मिळालं, पगार आधीपेक्षा कमी आहे. त्याने स्वतः सांगितलं की आता परवडेल पण जुनी पद्धत आणू नका.

सगळं सुटलंय असं नाही. खाणं समान भागतो ह्यात ताईवर अजूनही अन्याय होतो, ती खूप कमी खाते. तिला विचारलं तर म्हणते राहू दे, तेवढं चालतं. ती खरंच चालतं म्हणून म्हणतेय की धाकटा हो म्हणाला होता तसं म्हणतेय, हे मी आता दोनदा विचारतो. उशिरा येणाऱ्याचं काय, ह्यावरही आमचं एकमत नाही, सध्या गाडीवाला आल्यावर एक नवीन प्लेट मागवतो आणि त्यात भागवतो.

फेऱ्या गेल्या ह्याचं दादाला वाईट वाटतं. "पाजण्यात मजा होती," असं म्हणतो. मला ते पटतं. त्यामुळे कुणाचा वाढदिवस, कुणाचं प्रमोशन असेल तर तो माणूस आधी ग्रुपवर लिहितो की आज माझ्याकडून, आणि मग कुणी खिशात हात घालत नाही. धाकट्याने पहिल्या पगाराला तसं लिहिलं. जागा त्याने निवडली, मेन्यू त्याच्या हातात होता, आणि दादाने चुपचाप जे दिलं ते खाल्लं.

आता राहिला पार्टनर. मागच्या दोन्ही वेळा तो आला नाही. हे लिहिलेलं सगळ्यांना पाठवलं, बाकीच्यांनी काहीबाही उत्तर दिलं, त्याने फक्त अंगठा पाठवला. येत का नाहीस विचारलं तर लिहिलं, "काम आहे रे." त्याचे १५ भाग माझ्या डोळ्यासमोर आले. दादासारखं त्याच्याशी कुणी नीट बसून बोललंच नाही, मी आकडे ग्रुपवर टाकले आणि पुढे गेलो. ह्या वेळी चार महिने थांबणार नाहीये, उद्या सकाळी त्याला फोन करतोय.